करपा चोरीला गेला

१

चोरीची बातमी आली तेव्हा टीसी स्टुलावर चढून वाफेचं यंत्र शोधत होते. नाक चोंदलं होतं, डोकं भोपळ्याएवढं झालं होतं, आणि वर्षभर पायात येणारी वस्तू नेमकी हवी तेव्हा कुठे तोंड काळं करते या प्रश्नावर ते माळ्याशी वाद घालत होते. तेवढ्यात फोन वाजला. बायकोच्या कांदा संशोधन केंद्रातून खुद्द संचालक बोलत होते.

"टीसी, ताबडतोब या. चोरी झालीय."

"काय गेलं?"

पलीकडे आधी दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"रोग," संचालक म्हणाले.

टीसींनी फोन दुसऱ्या कानाला लावून पाहिला. तिथेही रोगच ऐकू आला.

"पोलिसांना कळवलंत?"

"काय कळवू? आमचा रोग हरवलाय, शोधून द्या? ते मलाच दवाखान्यात नेतील. तुम्ही या."

टीसी रेल्वेतून निवृत्त झालेले तिकीट तपासनीस. नोकरी संपली, पण समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याच्या खिशात तिकीट आहे की नाही हे ओळखायची खोड काही गेली नाही. लग्नाकार्यात गेले तरी ते आधी पाहुण्यांवरून नजर फिरवत आणि बिनआमंत्रणाचे कोण ते मनातल्या मनात टिपून ठेवत. गेल्या वर्षी केंद्रातला वजनकाटा नाहीसा झाला, तेव्हा तो संचालकांच्याच घरी, संचालकांच्याच वजनावर पाळत ठेवायला बसलाय, हे त्यांनी चहाचा कप संपायच्या आत शोधून काढलं होतं. तेव्हापासून संचालक त्यांना मान देत आणि जरा लांबून बोलत.

टीसी केंद्रात पोचले तर धुक्याच्या घराबाहेर सगळी मंडळी मयताला जमल्यासारखी उभी होती. टीसींची बायको, म्हणजे केंद्राच्या 'बाई', दाराला टेकून शांत उभ्या होत्या. नवऱ्याला पाहून त्या म्हणाल्या, "यांना कशाला बोलावलंत? सर्दी झालीय त्यांना."

"बाई, प्रश्न केंद्राच्या अब्रूचा आहे," संचालक म्हणाले. ते एरवी नाकाने कांदे सोलत. कांदा संशोधनात ही गोष्ट अंगभूत गुण म्हणून खपून जाई. आज मात्र त्यांच्या कपाळाला घाम होता.

टीसींनी दारातून आत डोकं घातलं. चष्म्यावर एकदम वाफ धरली. पुसून पाहिलं तर कुंड्यांच्या रांगाच रांगा, आणि सगळ्या कुंड्यांत कांद्याची पात सैनिकासारखी ताठ. हिरवीगार.

"छान दिसतायत," टीसी म्हणाले.

बाहेर कोणीतरी हुंदका दिला.

२

छान दिसतायत हेच दुखणं होतं.

धुक्याच्या घरात कांद्याला मुद्दाम आजारी पाडायचं, हा तिथला उद्योग. छताखालच्या बारीक तोट्यांतून पाण्याचं धुकं सुटतं. करपा नावाची बुरशी पाण्यात कालवून पातीवर फवारायची, दार लावून घ्यायचं, आणि आठवडाभराने निकाल बघायचा. पातीवर जांभळे डाग पडतात, डागाभोवती पिवळं होतं, पात कमरेत मोडते. जो वाण एवढं होऊनही उभा राहील तो शेतात टिकेल. हजार वाणांत असा एखादाच, आणि तोही पुढच्या वर्षी दगा देणारा.

प्रत्येक रांगेत अधूनमधून एक जुना वाण लावलेला असे. नुसतं 'करपा' असं मोठ्याने म्हटलं तरी आडवा होणारा. त्याला सगळे 'नाजूका' म्हणत. वर्गात एक विद्यार्थिनी अशी, की ती नापास झाली नाही तर परीक्षाच रद्द. नाजूका पडली तर समजायचं की रोग नीट लागला, आणि मग बाकीच्यांच्या उभं राहण्याला अर्थ.

आज नाजूका ताठ उभी होती. म्हणजे या घरात रोग नव्हताच. आणि शुक्रवारी बाहेरगावच्या तज्ज्ञांची समिती 'धाकटी'चा निकाल बघायला येणार होती.

धाकटी म्हणजे बाईंचा वाण. डोंगरातल्या एका रानटी कांद्याशी सोयरीक जुळवून, नाती तपासून, नको ती पोरं बाजूला काढून बाईंनी अर्धं आयुष्य घालवून वाढवलेली. टीसी आणि बाईंचे दोन मुलगे केव्हाच मार्गाला लागले होते. पण घरात बाई "आज धाकटीची तब्येत बरी नाही" म्हणाल्या, की टीसी न विचारता समजत, कुंडीतल्या लेकीबद्दल चाललंय. महिनाअखेर बाई निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी येणारे गृहस्थ मिरचीवाले. आत्ता धाकटी पास झाली तर तिचं बी शेतकऱ्यांपर्यंत जाणार, नाहीतर शीतकपाटात, मिरच्यांच्या मागे, कायमची.

"कोणावर संशय?" टीसींनी संचालकांना बाजूला घेऊन विचारलं.

"संशय कसला, माझी खात्री आहे. ती प्रयोगशाळेतली बुरशीताई. तिची बुरशी मेलेली होती. समितीने विचारलं तर मला तिचं नाव सांगावं लागेल. तिची नेमणूक तशीही हंगामीच आहे."

"आणि तुमचं काय?"

"माझं?"

"धुक्याच्या घरात तुम्हाला शोभेची फुलझाडं लावायची आहेत, असं ऐकलंय."

"कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. वजनकाट्याच्या वेळी. घाबरला होतात, बरंच बोललात."

संचालकांनी रुमाल काढला. पण टीसींनी त्यांना मनातून तिथेच सोडून दिलं. ज्या माणसाला कुठल्याही कागदावर सही करायला आठवडा लागतो, तो एवढा मोठा घातपात स्वतःच्या निर्णयाने करेल, हे पटण्यासारखं नव्हतं.

"दारातला वॉचमन कुठाय?" टीसींनी विचारलं.

"मघापासून मोटरच्या खोलीत लपलाय," संचालक म्हणाले. "म्हणून तर म्हणतो, पाणी मुरतंय कुठेतरी."

३

वॉचमन मोटरच्या खोलीत रेडिओ पोटाशी धरून बसला होता. टीसींना पाहून त्याने तो पाठीमागे घेतला. चोराच्या मनात चांदणं. टीसींनी अशा शेकडो जणांना संडासाच्या दारामागून बाहेर काढलं होतं.

"बोला मामा. तिकीट दाखवा."

"टीसीभाऊ, माझ्यामुळेच झालं हो!" वॉचमनमामांचा आवाज फुटला. "धुक्याच्या मोटरचा आवाज एवढा, की जुनी गाणी लागली तरी ऐकू येत नाहीत. मी दुपारची मोटर बंद करतो. गाणी संपेपर्यंत. धुकं गेलं, ओल गेली, म्हणून रोग मेला. मला काय माहीत रोगाचा जीव एवढासा असतो!"

टीसी त्यांना हाताला धरून धुक्याच्या घरात घेऊन गेले. भिंतींच्या विटांवर शेवाळ चढलं होतं. छतावरून थेंब टपकत होते. टीसींचा चष्मा पुन्हा आंधळा झाला.

"मामा, इथे माणसाला बुरशी लागेल. तुमच्या दोन गाण्यांनी ही ओल जाणार असती तर आमच्या घराच्या भिंती मी बँडबाजा लावून सुकवल्या असत्या. डोळे पुसा. आता सांगा, बाहेरचं कोणी आत आलं होतं?"

"चिमणीसुद्धा नाही."

"आतलं काही बाहेर गेलं?"

वॉचमनमामा आता सरळ उभे राहिले. "जाईल कसं? जाणाऱ्या प्रत्येकाची पिशवी बघतो मी. बुरशीताईंचा डबा उघडतो. पंपवाल्याची सायकल तपासतो. संचालकांची छत्रीसुद्धा उघडून बघतो."

"सगळ्यांची झडती?"

"सगळ्यांची. बाईंची सोडून. बाईंची काय बघायची!"

"खरंय," टीसी म्हणाले. "बाईंची काय बघायची."

दोघेही हसले. आणि टीसी पंपवाल्याला शोधायला औषधाच्या कोठीकडे गेले.

केंद्रात फवारणीचा पंप पाठीवर घेऊन फिरणारा हा दांडगा माणूस बोलायला मात्र अगदी मवाळ. त्याच्या कोठीत बुरशी मारायची औषधं ओळीने लावलेली. साहजिकच कोणाचंही पहिलं बोट त्याच्याकडे गेलं असतं, आणि ते त्याला माहीत होतं.

"काका, मी मारलं नाही औषध. आईशप्पथ."

"मग घाम का फुटलाय?"

पंपवाल्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुम्ही बाईंना सांगणार नाही ना?"

"मी बाईंना काहीही सांगत नाही. बाई मला सांगतात. आमच्या घरात तशी पद्धत आहे."

"गेल्या वर्षीची एक नाजूका मी घरी नेली. फेकायला दिलेली. अर्धी मेलेली होती. औषध मारून, गोंजारून जगवली. दारात डब्यात लावलीय. काका, दरवर्षी त्या पोरी मरायलाच लावतात हो. एकीला तरी वाचवावं म्हटलं."

टीसींना त्या आडदांड माणसाबद्दल एकदम माया वाटली. पण चौकशी म्हणजे चौकशी. "मग यंदा सगळ्यांनाच वाचवलंस की काय?"

"मारलं असतं तर पातीवर पांढरट डाग राहिले असते, काका. आमचं औषध वाळलं की चुन्यासारखं दिसतं. जाऊन बघा ना."

टीसी गेले, एकेक कुंडी उचलून उजेडात धरली. पांढरा डाग कुठेच नव्हता. ओल भरपूर, औषध नाही. मग उरली एकच शक्यता, आणि ती त्यांना मुळीच आवडली नाही. संचालक म्हणतात तसं, पोरीची बुरशीच मेलेली होती.

४

बुरशीताई प्रयोगशाळेत आपलं सामान खोक्यात भरत होती. केंद्रात सगळ्यांत लहान, बाईंच्या हाताखाली तयार झालेली. काचेच्या बशांत बुरशी वाढवायची, तिला खाऊपिऊ घालायचं, तिची तब्येत राखायची, हे तिचं काम. यंदा तिने शेताशेतांतून फिरून नवा करपा आणला होता. इतका दांडगा, की त्याचं नाव तिने 'पैलवान' ठेवलं. पैलवानाने आतापर्यंत पास होत आलेले दोन नावाजलेले वाण पहिल्याच फेरीत लोळवले होते.

"कुठे निघालीस?" टीसींनी विचारलं.

"संचालक म्हणाले, समितीसमोर माझं नाव येईल. नाव येण्याआधी गेलेलं बरं." ती खोक्यात बशी ठेवत होती, पण बशी खोक्यात जात नव्हती. "काका, मला कोणी काही म्हणालं तर चालेल. पण बाई सकाळपासून माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. बाईंना वाटतं का हो मी निष्काळजीपणा केला?"

टीसींनी मुद्दाम एक शिंक काढली. मग म्हणाले, "तुझा पैलवान मेलेला होता का?"

तिने टेबलावरची एक बशी उचलून त्यांच्या नाकाशी धरली. आत ओल्या कागदावर नाजूकाच्या पातीचा तुकडा होता, आणि त्यावर मधोमध जांभळा, कडेला पिवळा, गरगरीत डाग.

"बाईंच्या हातात बाटली देण्याआधी त्यातला एक थेंब मी या तुकड्यावर टाकला होता. दरवेळी टाकते. बघा. मेलेला वाटतो?"

"हे संचालकांना दाखवलंस?"

"ते म्हणाले, बशीतलं बशीत."

टीसी स्टुलावर बसले. "मला रोग देतात कसा ते सांग. पहिल्यापासून. मी पाचवीत नापास झालेला आहे असं समजून सांग."

"मी बुरशी पाण्यात कालवते. पाणी काळपट होतं, डबक्यासारखं. त्यात थोडी चिकटवणी घालते. साबणासारखी असते."

"ती कशाला?"

"कांद्याच्या पातीवर मेणाचा थर असतो ना, काका. द्राक्षावर असते तशी पांढुरकी लव. नुसतं पाणी त्यावर टिकत नाही, घरंगळून जातं. चिकटवणीमुळे थेंब पातीला धरून राहतो. जिथे धरतो तिथली लव उतरते, आणि पात चकचकीत दिसते. ती लव लवकर परत येत नाही."

"मग?"

"मग बाटली बाईंच्या हातात देते. रोग बाई स्वतः देतात. तेव्हा आत दुसरं कोणी नाही, असा बाईंचा दंडक. दहा जण आत गेले तर रोग कुंडीऐवजी कपड्यांना लागतो म्हणतात."

टीसी उठले. धुक्याच्या घरात जाऊन त्यांनी नाजूकाची एक कुंडी उचलली, बाहेर उजेडात आणली, आणि पात हळूच वाकवून पाहिली. बुडापासून टोकापर्यंत पांढुरकी लव जशीच्या तशी. एकही चकचकीत डाग नाही. दुसरी कुंडी. तिसरी. त्यांनी अंगठा फिरवला तसा अंगठ्याचा चकचकीत ठसा उमटला. त्या पातीवर कशाने तरी लव पुसली जायची ती पहिलीच वेळ होती.

म्हणजे रोग चोरीला गेला नव्हता. तो दिलाच गेला नव्हता. या पातींवर पडलं होतं ते साधं पाणी.

बाटली कोणी वाटेत बदलली असेल? छे. बुरशीताईने ती हातातून हातात दिली. आणि डबक्यासारखं काळं पाणी आणि नळाचं पाणी यांतला फरक ज्या माणसाला झोपेतही कळला असता, तेच माणूस ती घेऊन आत गेलं होतं.

टीसी कुंडी हातात धरून उन्हात उभे राहिले. नोकरीत त्यांनी नव्या पोरांना एकच गोष्ट शिकवली होती: डब्यातल्या सगळ्यांची तिकिटं बघा, आणि ज्याचं तिकीट बघायची लाज वाटते त्याचं आधी बघा. आज सकाळपासून त्यांनी संचालकांचं बघितलं, मामांचं बघितलं, पंपवाल्याचं, या पोरीचं. एकाच प्रवाशासमोरून ते मान लववून पुढे गेले होते.

५

घरी येईपर्यंत त्यांना बाकीचंही दिसायला लागलं, आणि स्वतःचीच लाज वाटली. काखेत कळसा म्हणतात तो असा. माडीवरच्या न्हाणीला कुलूप होतं. "नळ गळतोय, प्लंबर येईपर्यंत खालीच अंघोळ करा," असं बाईंनी सांगितलं होतं. टीसींनी अंघोळ खाली केली होती आणि प्लंबरला अजून फोन का गेला नाही हे विचारलंसुद्धा नव्हतं. वाफेचं यंत्र त्याच सुमारास नाहीसं झालं होतं. बाई भाजीत मीठ दोनदा घालत होत्या. आणि ज्यांची पिशवी कोणी बघत नाही अशा बाई रोज एक पिशवी घेऊन घरी येत होत्या.

बाई स्वयंपाकघरात बसल्या होत्या. समोर चहा, त्यावर साय धरलेली.

टीसी समोर बसले. चौकशीची सुरुवात कशी करावी हे कळेना. परक्या बाईला "तिकीट?" म्हणता येतं.

"अगं, प्लंबरला फोन करू का?"

बाईंनी मान वर केली. टीसींनी आयुष्यात खूप चेहरे पाहिले होते: रडणारे, ओरडणारे, मंत्र्यांचे भाचे असणारे. हा चेहरा त्यातला नव्हता. पकडलं गेल्याचं बरं वाटलेला चेहरा होता तो.

"कळलं तुम्हाला?"

"लव उतरली नव्हती पातीवरची."

"अगबाई," बाई म्हणाल्या. "तेवढं माझ्या लक्षातच आलं नाही. नुसत्या पाण्यात चिकटवणी तरी घालायला हवी होती."

"तू चोरी करतेस त्यातसुद्धा सुधारणा सुचवू नकोस."

बाईंना हसू आलं, आणि हसता हसता ते भलतीकडेच वळलं. टीसींनी त्यांना रडू दिलं. मग सायीचा चहा ओतून दिला आणि नवा ठेवला.

"बाटली हातात घेऊन आत गेले," बाई म्हणाल्या, "आणि हात उचलेना. अहो, इतकी वर्षं हजारो रोपांना रोग दिला मी. कधी काही वाटलं नाही. पण पैलवानाने त्या दोन वाणांचं काय केलं ते मी बघितलंय. वाटलं, धाकटी पडली तर? सगळ्यांसमोर? त्या समितीसमोर, चष्मे वर करून बघतील तिच्याकडे. वाटलं, आधी एकटीने बघू. घरी. पडली तर मी एकटीने रडेन, मग बाहेर सांगेन. उभी राहिली तर तिथल्या कुंड्यांना दुसऱ्या दिवशी रोग देईन, कोणाला कळणारही नाही."

"मग दिला का नाहीस?"

बाई रिकामी बशी फिरवत बसल्या.

"अगं, वर काय झालं? पडली की उभी आहे?"

"मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"सुरुवातीला वर जात होते. पिशवीतून आणलेल्या कुंड्यांना रोग दिला, ओली पोती टांगली, यंत्रात पाणी भरलं. डाग दिसायची वेळ आली, आणि..." त्यांनी पदराने नाक पुसलं. "किल्ली कुलपाला लावते आणि काढून घेते. रोज ठरवते. रोज परत येते."

टीसी त्यांच्याकडे बघत राहिले. ही बाई संचालकांना सर्वांसमोर गाढव म्हणाली होती. साप दिसला तर हिने टीसींना मागे सारून पुढे व्हायचं, हे घरात ठरलेलं होतं. आणि ही बाई एका न्हाणीच्या दाराला घाबरली होती.

"अगं," ते हळूच म्हणाले, "तिकडे ती पोरगी खोकं भरतेय."

"कोण?"

"तुझी बुरशीताई. संचालक समितीला सांगणार, हिची बुरशी मेलेली होती. ती म्हणते लोक काही म्हणोत, पण बाई माझ्याशी बोलल्या नाहीत."

बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. "मी तिच्याकडे बघू शकत नव्हते हो. म्हणून बोलले नाही. तिला वाटलं मी..."

"मग काय वाटणार!"

बाई उठल्या. खुर्ची मागे पडली ती त्यांनी उचलली नाही. गळ्यातली किल्ली काढली, टीसींच्या हातात देऊ लागल्या, आणि मग पुन्हा स्वतःच्याच मुठीत धरली.

"तुम्ही मागे या," त्या म्हणाल्या. "पण माझ्या पुढे जायचं नाही."

६

कुलूप निघालं. दार फुगलं होतं. टीसींनी खांदा लावला. आतून उबट, कोंदट हवा तोंडावर आली, आणि टीसींचं चोंदलेलं नाक इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळं झालं.

नळ खरोखरच गळत होता. बाईंनी तो मुद्दाम सैल करून ठेवला होता. झरोक्यातून उजेडाची एक तिरीप येत होती. फरशीवर कुंड्या दोन ओळींत. डावीकडची ओळ नाजूकाची. ती ओळ राहिलीच नव्हती. जांभळ्या डागांनी भरलेली पात कुंडीच्या काठावर लोळत होती, वाळून कागदासारखी झाली होती. पैलवानाने आपलं काम चोख केलं होतं.

बाई उजवीकडे बघेनात.

"मी सांगू?" टीसींनी विचारलं.

"नको." बाईंनी पालथी बादली ओढली, तिच्यावर बसल्या, चष्मा पुसला, आणि मान वळवली.

धाकटी उभी होती. पण डागांशिवाय नव्हती. बाहेरच्या पातींवर जांभळे ठिपके होते, बरेच होते, एकदोन टोकं वाळली होती. टीसींचा जीव खालीवर झाला. बाईंनी एक कुंडी मांडीवर घेतली. पात बोटांत धरून उजेडाकडे वळवली, नखाने डागाची कड चाचपली. दुसरी पात. तिसरी. मग मधला कोवळा कोंब, तो दोन बोटांनी उघडून पाहिला, जसं एखाद्या पोराच्या घशात बघावं.

"काय गं?" टीसींना राहवेना.

"लागलाय," बाई म्हणाल्या. "लागलाय तिला. पण डाग वाढला नाही. इथे बघा, कड बंद झालीय. आला, बसला, आणि तिथेच राहिला. कोंब स्वच्छ आहे." त्यांनी दुसरी कुंडी घेतली, तिसरी घेतली. "ही पण. ही पण. मी उगाच... अहो, ही आजारी पडते पण मरत नाही!"

"आपल्यासारखी," टीसी म्हणाले आणि शिंकले.

बाईंनी कुंडी खाली ठेवली. "समितीला हे चालणार नाही. न्हाणीतली परीक्षा ती. काय सांगू त्यांना, बादलीवर बसून मार्क दिले?"

"मग?"

"मग काय. परत द्यायचा रोग. सगळ्यांसमोर." त्यांनी तोंडावर पाणी मारलं. "आधी त्या पोरीकडे चला. आणि हो, यंत्र घ्या तुमचं. उकळून घ्या आधी, त्यात पैलवान आहे."

शुक्रवारी समिती आली. बाईंनी उभं राहून सगळं सांगितलं, न्हाणीसकट. एका तज्ज्ञाने चष्मा वर केला, तसा दुसऱ्याने त्याच्या पायावर पाय दिला; त्याच्याही घरच्या फ्रिजमध्ये काहीबाही होतं, असं म्हणतात. संचालक म्हणाले, "असं कसं, असं कसं," आणि पुढच्या निर्णयासाठी आठवडा मागू लागले, पण समितीने निर्णय तिथल्या तिथे घेतला. परीक्षा नव्याने. निकाल बघायला पुन्हा येऊ. बाई तोवर निवृत्त झाल्या तरी धाकटीची वाट बघितली जाईल. आणि अहवालात बुरशीताईची बुरशी उत्तम होती, असं संचालकांनी स्वतःच्या हाताने लिहायचं. ते लिहिताना त्यांना बशी समोर ठेवून बघावी लागली.

बुरशीताई मात्र बाईंशी सरळ बोलली नाही. तिला वाईट वाटलं होतं आणि ते वाटणं तिने लपवलं नाही. नवी बाटली घेऊन ती धुक्याच्या घरापाशी आली, तेव्हाही तिने बाटली पुढे केली ती जमिनीकडे बघत.

बाईंनी बाटली घेतली नाही.

"माझे हात आता भरवशाचे राहिले नाहीत गं," त्या म्हणाल्या. "आत तू जा."

"मी? बाई, पण दंडक..."

"दंडक माझाच होता ना. मी मोडते. जा. चुकलं माझं, ते तुला रोज सांगेन. पण आधी रोग दे, पैलवान थंड होईल."

पोरीने वर पाहिलं. दारातून आत जाताना तिने बाईंच्या हातातला फवारणीचा रुमाल काढून घेतला आणि स्वतःच्या तोंडाला बांधला.

दार लागलं. बाहेर वॉचमनमामा, पंपवाला, समिती, संचालक, टीसी, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दाराच्या या बाजूला बाई. आतून फवाऱ्याचा फुसफुस आवाज यायला लागला. पंपवाल्याने तोंड फिरवलं. बाईंनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. टीसींनी हळूच त्यातला एक सोडवून आपल्या हातात घेतला. थंडगार होता.

आतली फुसफुस एका जागी जरा लवकर थांबली, पुढे सरकली. बाईंच्या कानाने ते टिपलं. त्यांनी दाराला तोंड लावलं.

"अगं, तिथे धाकटी आहे!" त्या ओरडल्या. "तिच्यावर दया करू नकोस. तिला भरपूर दे!"